अडली ते सुटली

बाळंतपणासाठी मराठीला दोन क्रियापदं पुरतात: बाई अडते, नाहीतर सुटते. नाशिकच्या इंदिरानगरात प्रसूतिगृहांच्या पाट्या वाचत चाललं, की या दोहोंतलं अंतर चार पावलांचं वाटतं. ‘सिझर झालं, दोघं सुखरूप’ एवढ्यावर फोन संपतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातली पंचवीस बाळंतपणं सिझरनं झाली. हे अंतर तोडायला मात्र शस्त्रक्रियेला दीडशे वर्षं लागली.

बाळाचं डोकं कटीत अडकलं, तर एके काळी ते फोडून आईला वाचवावं लागे. १७७७ साली पॅरिसच्या सिगो यांनी पोट न उघडता कटीच्या हाडांचा पुढचा सांधा कापला. वाट रुंदावली, मायलेकरं वाचली. आईच्या मूत्रमार्गाला मात्र कायमची इजा झाली. पोट उघडायची भीती रास्तच होती, कारण गर्भाशय शिवत नसत. १८७६ साली इटलीत पोरो यांनी बाळामागोमाग गर्भाशयच काढून टाकलं आणि आई जगली. १८८२ साली जर्मनीत सेंगर यांनी ते नीट शिवण्याची रीत मांडली. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद रुजवला. आजचं सिझर ते हेच.

पण सिझरही अडतं. कळा फार लांबल्या, तर डोकं कटीत पाचरीसारखं रुततं. त्याखाली बोटं घालायला जागा नसते. जोर लावला तर ताणलेला छेद बाजूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत फाटतो. अशा वेळी कुणी खालून डोकं वर ढकलतं, कुणी आतून बाळाचे पाय धरतं. १९५७ साली पटवर्धन आणि मोताशॉ यांनी भारतीय प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात तिसरा मार्ग मांडला: आधी एक खांदा, मग दुसरा, मग धड, कुल्ले, पाय, डोकं सर्वांत शेवटी. ‘पटवर्धन पद्धत’ म्हणून ती आजही शिकवली जाते. जे अडलंय त्याच्याशी झुंजायचं नाही, बाकीचं आधी मोकळं करायचं, एवढंच तिचं मर्म.

बाळ आलं म्हणून आई सुटलीच असं नाही. गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही. औषधं थकली की आत फुगा भरतात. नाहीतर बी-लिंच यांचा १९९७चा टाका गर्भाशयाला पट्ट्यांसारखा आवळून धरतो. तेही हरलं, तर पुन्हा पोरोंचीच वाट.

हे सगळे उपाय टेबलावरचे. बाई मात्र त्याआधीच अडलेली असते: पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर, गाडीची वाट पाहत. सरकारी दवाखान्यात सिझर आणि तिथवरची गाडी २०११पासून मोफत आहे. १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून धावते. तरी घाट तोच, आणि रुतत चाललेलं डोकं गाडीसाठी थांबत नाही. पटवर्धनांची युक्ती बहुतेकदा लागते ती अशा उशिरा पोहोचलेल्या बाईला. ती लागूच नये, एवढ्या वेळेत गाडी पाड्यावर आली, तर ती बाई खरी सुटली.