उंच इमारती आणि वयस्कर मान

परदेशी असलेल्या मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांना तपासणीसाठी घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, विमानप्रवास झेपेल ना?’ त्याचे उत्तर मी बहुधा पाच मिनिटांत देतो. विमानातून उतरल्यानंतरचे तीन-चार महिने ही मंडळी तेथे काय करणार, हे मात्र कोणी विचारत नाही. खरे सांगायचे तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही ते कोणाला विचारत नव्हतो.

त्या वर्षी माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, शिकागोच्या एका उपनगरात माझ्या धाकट्या बहिणीकडे गेले. वय 81. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, त्यांतील एक लघवीचे प्रमाण वाढवणारी, गुडघे झिजलेले, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. बांधकाम खात्यात पस्तीस वर्षे नोकरी केलेला, पुलांच्या पायांवर भर उन्हात उभा राहिलेला हा माणूस आई गेल्यापासून फाटकाबाहेरसुद्धा पडत नव्हता. जागा बदलली की मन बदलेल, ही आमची आशा. पण बहिणीच्या त्या शांत वसाहतीत दुपारी पदपथावर माणूस दिसत नाही, आणि दोघेही नोकरीवर गेली की घरात टीव्ही आणि अण्णा. ‘जेवलो, झोपलो, उठलो,’ एवढेच ते फोनवर सांगत. जूनमध्ये तीन आठवड्यांची रजा काढून मी तेथे गेलो, तेव्हा त्यांचे वजन चार किलोंनी उतरलेले होते.

शहरातील इमारती दाखवणाऱ्या नौकाफेरीची तिकिटे माझ्या मेहुण्यांनी काढली. विरोध केला तो मी, डॉक्टरने. बोट, पायऱ्या, वारा, गर्दी. पडले तर काय? अण्णांचाही उत्साह नव्हताच. ‘इमारती काय बघायच्या? जन्मभर त्याच केल्या.’ पण जावयाने तिकिटे काढली आहेत, त्याचे मन कसे मोडायचे, म्हणून ते तयार झाले.

शिकागोत इमारती पाहणे हा एक शिस्तबद्ध उपक्रम आहे. 1966 साली एक जुने दगडी घर पाडले जाऊ नये म्हणून काही नागरिक एकत्र आले आणि त्यातून जी संस्था उभी राहिली, तिचे आजचे नाव शिकागो आर्किटेक्चर सेंटर. तिच्या पायी फेऱ्या आणि नदीवरील फेऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवक चालवतात. त्यांत निवृत्तांची संख्या लक्षणीय असते, आणि याचा ज्येष्ठांना मोठा लाभ आहे. आमच्या बोटीवरील मार्गदर्शिका सत्तरीच्या घरातील असाव्यात; त्या सावकाश बोलत, आणि सांगून झाल्यावर थांबत.

बोट निघाली आणि पहिल्याच काही मिनिटांत त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी माझ्यासारख्या डॉक्टरने आधी वाचलेली असायला हवी होती. ही नदी पूर्वी मिशिगन सरोवराला मिळत असे. शहराचे सांडपाणी नदीत, नदी सरोवरात, आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून. विषमज्वर आणि अन्य जलजन्य रोगांनी माणसे मरत. तेव्हा 28 मैलांचा कालवा खोदून 1900 च्या जानेवारीत नदीचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला. पाणी सरोवराकडे न जाता सरोवरातून बाहेर वाहू लागले. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या मिसुरी राज्याने याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठले, हेही ओघाने आलेच. अण्णा इतका वेळ खांद्याभोवती शाल घट्ट धरून बसले होते. ‘उतार किती दिला असेल रे?’ त्यांनी मला विचारले. कित्येक महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

दीड तासाची ती फेरी. 1871 च्या आगीत शहराचा गाभा भस्मसात झाला, जमिनीचे भाव चढले, लिफ्ट आली, आणि भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्यावर इमारतीचे वजन पेलण्याची कल्पना मूळ धरू लागली. 1885 ची दहा मजली होम इन्शुरन्स इमारत, जिला अनेक जण पहिली गगनचुंबी इमारत मानतात, 1931 सालीच पाडली गेली. काठावर दिसतात ते तिचे वारस : मक्याच्या कणसासारखे दोन गोल मनोरे, ज्यांचे खालचे 19 मजले केवळ मोटारी ठेवण्यासाठी आहेत, मीस व्हॅन डेर रोह या जर्मन वास्तुविशारदाची काळी, काटेकोर, अलंकार नाकारणारी इमारत, नदीच्या वळणाबरोबर वळलेली हिरव्या काचेची भिंत.

नदीच्या दक्षिण फाट्यावर बोट वळली आणि पूर्वी सीअर्स टॉवर म्हणून ओळखली जाणारी 110 मजली विलिस टॉवर समोर आली. 1974 साली पूर्ण झालेली ही इमारत सुमारे पाव शतक जगातील सर्वांत उंच होती. तिचा सांगाडा उभा करणारे अभियंते फझलूर रहमान खान 1929 साली ढाक्यात जन्मले, कोलकात्याजवळच्या शिबपूरला शिकले आणि 1952 साली अमेरिकेत आले. त्यांनी नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना जोडून इमारत उभी केली. त्यांतील दोनच अगदी वरपर्यंत जातात, बाकीच्या खाली टप्प्याटप्प्याने थांबतात. मी हे अण्णांना मराठीत सांगू लागलो, तर त्यांनी मला थांबवले. ‘कळलं. उसाची मोळी आहे ही. एकटा ऊस वाऱ्याने वाकतो.’ मी ते मार्गदर्शिकेला भाषांतर करून सांगितले. त्यांनी कागद काढून लिहून घेतले.

आता वैद्यकीय भागाकडे वळतो, कारण हा दिवस तेवढ्यावर संपला नाही.

धक्का रस्त्याच्या पातळीखाली असतो. उतरून पायऱ्या चढताना सहाव्या-सातव्या पायरीवर अण्णांचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला आणि त्यांनी कठडा घट्ट धरला. आम्ही त्यांना तेथेच आडवे केले, पाय उंच धरले. दोन-तीन मिनिटांत रंग परतला. नाडी नियमित, छातीत दुखणे नाही, बोलणे स्पष्ट. पूर्ण सावध झाल्यावर घोट घोट पाणी दिले. मग त्यांनी ओशाळून सांगितले, ‘सकाळपासून पाणी प्यायलो नाही. बोटीत जावं लागलं तर पंचाईत, म्हणून.’ लघवीची गोळी मात्र इमानाने घेतली होती.

बोटीवर स्वच्छतागृह होते. ते मी त्यांना सांगितले नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते. आणि त्यांनी विचारले नव्हते, कारण मुलीच्या, जावयाच्या देखत ते कसे विचारायचे? तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या मला घरच्या माणसाची ही अडचण दिसली नाही. लघवीच्या भीतीने पाणी टाळणारे ज्येष्ठ मी रोज पाहतो. वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे शरीर कोरडे पडत आहे हे त्यांना उशिरा कळते. त्यात तासभर बसून एकदम उठले, की रक्तदाब घसरतो. म्हणून सहलीला निघताना स्वच्छतागृह कोठे आहे हे न विचारता, सर्वांदेखत पण सहजपणे सांगावे. गोळी स्वतःच्या मनाने चुकवू नये. ती घेण्याची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांनी ते मोडू नये. आणि बोट लागली की सर्वांत शेवटी उठावे : आधी पावले वर-खाली हलवावीत, मग उभे राहावे, क्षणभर थांबावे, मग चालावे.

नौकाफेरीची एक बाजू मला त्या दिवशी प्रथमच उमगली. रस्त्यावरून उंच इमारत पाहायची तर मान पूर्ण मागे टाकावी लागते. साठीनंतर अनेकांना याच स्थितीत गरगरते. कारण बहुधा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असते. नदीच्या पात्रातून तीच इमारत दुरून दिसते, मान थोडीच उचलावी लागते, आणि आपण बसलेले असतो. म्हणून वयस्करांनी आधी बोट आणि मग पायी फेरी, असा क्रम ठेवावा. वरच्या उघड्या मजल्यावर जिना चढून जाण्याचा हट्ट नको. जूनमध्येही पाण्यावर वारा गार लागतो, कानटोपी न्यावी. श्रवणयंत्रात वाऱ्याचा घोंघाट होतो, तेव्हा ध्वनिक्षेपकाजवळची, आडोशाची जागा धरावी.

त्या प्रसंगानंतर बहिणीने जाहीर केले, ‘आता कुठे जायचं नाही.’ मी गप्प राहिलो, म्हणजे तिच्याच बाजूने. तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी अण्णा म्हणाले, ‘ती बाई म्हणत होती, पायी पण दाखवतात. सांगाडा यायच्या आधीची एक इमारत आहे म्हणे, नुसत्या विटांची सोळा मजली.’ बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘अण्णा, आधी माझ्यासमोर दहा मिनिटं उभे राहून दाखवा.’

हे मी गमतीने म्हटले नव्हते. मार्गदर्शकासोबतच्या पायी फेरीत चालणे थोडे असते. बराच वेळ एका जागी उभे राहून ऐकायचे असते. रोज दोन किलोमीटर चालणारा माणूसही तेथे थकतो, कारण चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि स्तब्ध उभे राहिल्यावर ते पायांत साचते. कमरेच्या मणक्यांतील जागा अरुंद झालेल्यांना तर उभे राहणे हाच त्रास. बसले, पुढे वाकले की बरे वाटते. मी अण्णांचा रक्तदाब पाच मिनिटे झोपवून, नंतर उभे केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर सहल पुढे ढकलून औषधांचा फेरविचार करावा लागतो. त्यांचा उतरला नाही. पाणी आता वेळेवर जात होते. गुडघ्यांनी मात्र आठव्या मिनिटाला तक्रार केली. तेव्हा आम्ही घडीचे हलके स्टूल घेतले. ‘म्हातारा दिसेन,’ म्हणून अण्णा कुरकुरले. पण फेरीत आणखी दोघांकडे तसेच स्टूल निघाले आणि तो विषय संपला.

ती विटांची इमारत म्हणजे 1891 ची मोनॅडनॉक. तिच्या उत्तरेकडील अर्ध्या भागात सोळा मजल्यांचे वजन पेलण्यासाठी तळमजल्याची भिंत सहा फूट जाड ठेवावी लागली. शिकागोची जमीन चिकणमातीची, आणि ही इमारत अपेक्षेपेक्षा अधिक खचली. दोनच वर्षांनी बांधलेला दक्षिणेकडील भाग पोलादी सांगाड्यावर उभा आहे. एका इमारतीत दोन युगे शेजारी शेजारी. अण्णांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि मोडक्या इंग्रजीत पायाबद्दल विचारले. त्या दिवशीचे मार्गदर्शक इतके खुलले, की बाकीच्यांना थांबावे लागले. मला स्वतःला 1895 ची रिलायन्स इमारत आवडली : रुंद काचा, भरपूर उजेड, धुता येतील अशा चकचकीत पांढऱ्या भाजक्या मातीचे बाह्यांग. डॉक्टर आणि दंतवैद्यांनी तेथे दवाखाने थाटले, यात नवल नाही.

दोन तासांच्या फेरीतून आम्ही दीड तासाने बाहेर पडलो. मधूनच निघण्यात कसलाही कमीपणा नाही. सुरुवातीलाच मार्गदर्शकाला तसे सांगून ठेवावे. पायऱ्या उतरताना द्विकेंद्री किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते, तेव्हा हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पाहावे आणि कठडा सोडू नये. वर पाहताना आधी पाठ भिंतीला टेकावी. भोवळ येऊन ती बसल्यावर जात असेल तर विश्रांती पुरे. परंतु सोबत बोलणे अडखळले, एका बाजूचा हात लुळा पडला, एकाची दोन दिसू लागली किंवा छातीवर दाब आला, तर ‘थोडे बसू, बरे वाटेल’ असे म्हणत वेळ घालवू नये, तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

परदेशी जाणे सर्वांना शक्य नाही. मुंबईत ओव्हल मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींच्या रांगा आहेत, त्यांना 2018 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जमीन सपाट, इमारती बेताच्या उंचीच्या, मान फार उचलावी लागत नाही. हिवाळ्यातील सकाळ निवडावी, एवढेच.

अण्णांचे वजन परत येईपर्यंत दोन किलोंनी वाढले होते. याचे श्रेय इमारतींना द्यावे की बहिणीच्या स्वयंपाकाला, हे मी डॉक्टर म्हणून ठरवू शकत नाही. मोनॅडनॉकच्या पायाचे त्यांनी वहीत काढलेले रेखाटन खात्यातील एका जुन्या सहकाऱ्याला दाखवले. त्यांनी त्यात चूक काढली आहे. गेले वर्षभर दर गुरुवारी दोघे बसस्थानकासमोरच्या बाकावर भेटून तो वाद घालतात, आणि अण्णा तेथवर चालत जातात.