वैद्यकीय वायुवाहिन्यांची मोजमापे

रुग्णालयात ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइड आणि दाबाखालची हवा तांब्याच्या नळ्यांतून खाटेपर्यंत पोहोचते. ही पाइपलाइन रुग्णांसाठी खुली करण्याआधी दाब, गळती, प्रवाह, वायूची ओळख आणि शुद्धता तपासली जाते. प्रत्येक चाचणीतून आकडा निघतो. मात्र उपकरणाने नेमके काय मोजले हे ठाऊक नसेल, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

साध्या प्रेशर गेजमध्ये फ्रान्सच्या एउजेन बूर्दाँ यांनी 1849 मध्ये शोधलेली वाकडी, चपटी नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा सरकतो. गेजवर 1.6 असा अचूकतेचा वर्ग लिहिलेला असेल, तर चूक पूर्ण पट्टीच्या 1.6 टक्के धरायची, समोर दिसणाऱ्या दाबाच्या नव्हे. 0 ते 10 बारच्या गेजवर ती 0.16 बार वर किंवा खाली होते. 4 बारला हे 4 टक्के झाले. अमेरिकेच्या एनएफपीए 99 या मानकात ऑक्सिजनचा दाब 50 ते 55 पीएसआय, म्हणजे जेमतेम 0.34 बारच्या पट्ट्यात असावा लागतो. गेजची चूकच जवळपास तो पट्टा व्यापते. असे गेज देखरेखीला चालेल, प्रमाणपत्र देण्याला नाही.

गळतीच्या चाचणीत त्याच मानकानुसार नेहमीपेक्षा 20 टक्के जास्त दाब भरून 24 तास थांबतात. बंद नळीतल्या वायूचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाबरोबर बदलतो. गेजवर 4.8 बार, म्हणजे निरपेक्ष 5.8 बार दाब असताना तापमान 32 अंशांवरून 22 अंशांवर उतरले, तर एकही सांधा न गळता दाब 0.19 बारने घटतो. उलट सकाळी भरून दुपारी पाहिले, तर तापलेली नळी खरी गळती लपवते. म्हणून दोन्ही वेळचे तापमान नोंदवणे आवश्यक आहे.

प्रवाहाची चाचणी तुलनेने सरळ आहे: मिनिटाला 100 लिटर वायू सोडल्यावर दाब 5 पीएसआयपेक्षा जास्त घसरता कामा नये. फक्त हवेसाठी आखलेला फ्लोमीटर नायट्रस ऑक्साइडवर तसाच वापरू नये, कारण वायूची घनता बदलली की फ्लोमीटरच्या नळीतल्या तरंगत्याची उंचीही बदलते.

ओळखीची चाचणी सर्वांत गंभीर. सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम रुग्णालयात 2016 मध्ये ऑक्सिजनच्या आउटलेटमधून नायट्रस ऑक्साइड आला. एका नवजात बाळाचा मृत्यू झाला, दुसऱ्याच्या मेंदूला इजा झाली. 2015 मध्ये नळ्या चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या आणि चाचणी नीट झाली नव्हती. ऑक्सिजन मापकावर शुद्ध ऑक्सिजन 100 च्या जवळ, हवा 21 आणि नायट्रस ऑक्साइड 0 दाखवतो. पण ब्रेझिंगच्या वेळी नळीत सोडलेला नायट्रोजनही 0 च दाखवतो. म्हणून नायट्रस ऑक्साइड ओळखायला अवरक्त किरणांवर चालणारा वेगळा विश्लेषक लागतो.

ऑक्सिजन मापकही टक्केवारी थेट मोजत नाही. रासायनिक सेल असो की ऑक्सिजनच्या चुंबकीय गुणावर चालणारे उपकरण, दोन्ही ऑक्सिजनचा आंशिक दाब पाहतात. दाबाची दुरुस्ती नसलेला मापक मुंबईत हवेवर 20.9 ला लावून महाबळेश्वरला नेला, तर तीच हवा सुमारे 18 दाखवते. नमुन्याचा बाहेर जाणारा मार्ग तुंबला तर आकडा फुगतो.

कोविडकाळात देशभर बसलेल्या, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पीएसए प्लान्टचा ऑक्सिजन 93 टक्क्यांच्या, म्हणजे 90 ते 96 च्या, दर्जाचा असतो. त्यातले झिओलाइट नायट्रोजन धरते, पण हवेतला अर्गॉन ऑक्सिजनबरोबर पुढे जातो. अशा प्लान्टवर 99 दिसले, तर आनंद मानण्याऐवजी मापकाचे कॅलिब्रेशन तपासावे.

ओलावा मोजताना घाई चालत नाही. युरोपीय औषधकोशात वैद्यकीय हवेत पाण्याच्या वाफेची मर्यादा दशलक्षात 67 भाग आहे. वातावरणाच्या दाबाला इतक्या वाफेचा दवबिंदू, म्हणजे ती साचू लागते ते तापमान, उणे 46 अंश, तर 4 बारच्या नळीत उणे 31 च्या आसपास येतो. त्यामुळे दाब न लिहिता दिलेला दवबिंदू निरर्थक ठरतो. नमुना रबरी नळीतून घेतला, तर बाहेरची वाफ रबरातून आत झिरपते. म्हणून स्टेनलेस स्टील किंवा टेफ्लॉनची नळी वापरून आकडा स्थिर होईपर्यंत वायू वाहू देतात.