टवका छोटा, गंज मोठा

ईदला गावी जाऊन आलो की दुसऱ्या दिवशी गाडी धुताना एक-दोन नवे टवके सापडतातच. मुंबई-गोवा महामार्गावर पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडी उडते, बॉनेटवर ‘टक्’ असा आवाज होतो. काच शाबूत आहे ना, एवढे पाहून आपण पुढे निघतो. तीन वर्षांपूर्वी मीही तेच केले. बॉनेटच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका होता. गाडी तो पावसाळा गावच्या अंगणात उभी राहिली. पाऊस संपल्यावर पाहिले तर भोवतीचा रंग फुगलेला. नखाने खरवडताच पोपडा निघाला आणि खाली तपकिरी गंज. गॅरेजवाला म्हणाला, अख्खे बॉनेट रंगवावे लागेल. ते खोटे नव्हते.

गाडीवरचे प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट हे सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाड असतात. ते फाटून पत्रा उघडा पडला की पाणी शिरते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर गंज लवकर धरतो. बंपर मात्र बहुतेक गाड्यांचा प्लास्टिकचा असतो. त्याला गंज लागत नाही, म्हणून तिथे घाई नको.

टच-अपची छोटी बाटली घेताना ‘पांढरा द्या’ म्हणून चालत नाही. पांढऱ्यातही कितीतरी पांढरे आहेत. गाडीचा रंग-क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. तो दाखवूनच रंग घ्यावा. मग पुठ्ठ्यावर एक ठिपका वाळवून दिवसाच्या उजेडात गाडीशेजारी धरून पाहावा. गाडी जुनी असेल तर उन्हाने रंग उतरलेला असतो, थोडा फरक राहणारच.

जागा साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्यावी. जुने मेण-पॉलिश राहिले तर रंग धरत नाही, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसावे. गंज असेल तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाला पॉलिश पेपरचा गोल तुकडा चिकटवून तेवढीच जागा घासावी. पत्रा उघडा दिसत असेल तर आधी प्रायमर लावावा.

खरी कसोटी इथून पुढे. झाकणातला ब्रश बारीक टवक्याला जाडच पडतो. मी दातकोरणी वापरतो. बाटली नीट हलवावी (मेटॅलिक रंगातली चमक तळाशी बसते), टोकावर अगदी थोडा रंग घ्यावा आणि टवक्याच्या मध्यभागी फक्त टेकवावा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. वाळला की रंग बसतो, खड्डा पुन्हा दिसू लागतो. तासाभराने दुसरा पातळ हात, मग तिसरा. एकदाच जाड थेंब सोडला तर वरून साय धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. माझा पहिला प्रयत्न असाच फसला होता. क्लिअर कोट दुसऱ्या दिवशी. त्यावर पॉलिश मात्र निदान आठवडाभर नको.

तापलेल्या बॉनेटवर किंवा पावसाळी दमट हवेत हे काम करू नये. ओलाव्याने क्लिअर कोट पांढुरका होतो. सावलीत, उघड्यावर, मुलांपासून आणि चुलीपासून दूर बसावे. थिनरचा वास डोक्यात जातो आणि तो पेटही घेतो.

गाडी विकायच्या आधी गंजावरच रंग फासून देणारेही पाहिले आहेत. ऐब झाकून माल विकू नये, हे आपल्याला घरातच शिकवले जाते. टच-अप केले असेल तर गिऱ्हाइकाला जागा दाखवावी. शिवाय तो गंज आत वाढतोच, दोन पावसाळ्यांत स्वतःच बाहेर येतो.

जवळून पाहिले तर ठिपका दिसेल, चार पावलांवरून नाही. बाटली बंद करताना तोंडावरचा रंग पुसून घ्या. नाहीतर झाकण चिकटते आणि पुढच्या ईदनंतर नवी बाटली आणावी लागते.