मिनी डर्ट बाईकचे पार्ट्स: नावावर नाही, मापावर माल भरा

मिनी डर्ट बाईकवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय, "सर, सुरुवातीला माल कोणता भरू?" व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. दुकान टाकलं तेव्हा हातात बीबीएची डिग्री होती. तरीही 'सगळ्या 49 सीसी गाड्यांना बसतं' या सप्लायरच्या एका वाक्यावर मी 30 पिस्टन किट उचलले. पैसे बायकोच्या भिशीचे! पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलाची गाडी घेऊन आले. पिस्टन 44 मिलिमीटरचाच, पण पिन 10 ची. माझे सगळे किट 12 च्या पिनचे. गिऱ्हाईक परत गेलं, माल तिथेच राहिला. त्यातले 11 किट आजही वरच्या फळीवर आहेत. नवीन ऑर्डर देताना मी आधी तिकडे बघतो.

तेव्हा कळलं, की या धंद्यात गाडीच्या नावाला काही अर्थ नाही. या छोट्या गाड्या बहुतेक चीनमधून येतात. स्टिकर वेगळं असलं तरी आत इंजिन तेच निघतं, आणि स्टिकर तेच असलं तरी आतलं माप वेगळं निघू शकतं. म्हणून माल मापावर भरायचा.

कोणती मापं घ्यायची?

पिस्टन: छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात 40 आणि 44 मिलिमीटरचे पिस्टन जास्त दिसतात. पिन 10 ची की 12 ची, हे मोजल्याशिवाय किट विकू नका.

चेन: छोट्या गाड्यांना 25एच किंवा टी8एफ. पहिलीची पिच 6.35 मिलिमीटर, दुसरीची 8. मोठ्या 110-125 सीसी पिट बाईकला बहुधा 420 चेन असते. इथे एक फसगत होते. आपल्याकडच्या बऱ्याच रोजच्या बाईकला 428 चेन असते. दोन्हींची पिच 12.7 च, त्यामुळे नजरेला सारखीच वाटते. पण रुंदी वेगळी, म्हणून स्प्रॉकेटवर नीट बसत नाही.

बेअरिंग: हे बाहेरून मागवूच नका. नंबर त्यावरच कोरलेला असतो. 6202 म्हणजे 15 × 35 × 11, जगात कुठेही तेच. गावातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

आता पैसे कुठे अडकवायचे? दोरीचा स्टार्टर, क्लचच्या स्प्रिंगा, प्लग, थ्रॉटल केबल, ब्रेक पॅड, ट्यूब हा माल फिरता. तो दुकानात हवाच. पूर्ण इंजिन, टाकी, प्लास्टिकची बॉडी हे फक्त ॲडव्हान्स घेऊन मागवायचं.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे स्वतः गाडी बांधणारी पोरं. ती पार्ट घ्यायला येतात, पण त्यांना खरा हवा असतो सल्ला. समजा पुढे 14 दाते आणि मागे 37 आहेत. मागे 41 लावले तर ओढ साधारण 11 टक्क्यांनी वाढते आणि टॉप स्पीड कमी होतो. हा हिशोब कागदावर करून द्या. तो पोरगा चार मित्र घेऊन परत येतो.

आणि हो, टू-स्ट्रोकचे पिस्टन जातात ते बऱ्याचदा तेल कमी पडल्यामुळे. अशा बऱ्याच इंजिनांना 25:1 मिश्रण सांगितलेलं असतं, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 40 मिली टू-टी ऑइल. गाडीचं पुस्तक बघून हे प्रमाण एका कार्डावर लिहून फुकट द्या. एक पिस्टन कमी विकला जाईल, पण गिऱ्हाईक आयुष्यभराचं होईल.

एक गोष्ट स्पष्ट सांगायची: ही गाडी फक्त खाजगी मैदानासाठी. कायद्यातली सूट 25 सीसीपर्यंतच आहे, त्यामुळे 49 सीसीची गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर चालवता येत नाही. अल्पवयीन मुलगा रस्त्यावर सापडला तर पालकावरही गुन्हा होतो, 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद. चार पैशांसाठी हे लपवू नका.

तर मंडळी, माल भरायच्या आधी दोनच वस्तू घ्या: एक व्हर्निअर कॅलिपर आणि एक वही. महिनाभर ओळखीच्या गॅरेजमध्ये बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीची मापं लिहा. जे माप पुन्हा पुन्हा येईल, तोच तुमचा पहिला स्टॉक.

माझी ही वही 30 किटांच्या किमतीला पडली. तुमची पन्नास रुपयांत होईल!