लिनक्सकडे वळताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. वाढीव मुदतीसाठी नोंदणी न केलेल्या संगणकांना आता सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे घरांत, शाळांत, ग्रंथालयांत धडधाकट असलेले कितीतरी संगणक भंगारात निघण्याच्या वाटेवर आहेत. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून ते आणखी काही वर्षे सुखरूप वापरता येतात. पण लिनक्सचे नाव काढले की ऐकीव शंकाच आधी पुढे येतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज : फुकट मिळते ते कामचलाऊच असणार.

वस्तुस्थिती : फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये विद्यार्थिदशेत लिनक्सचे काम सुरू केले. आज त्याच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी अभियंते काम करतात. जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे खिशात तो आधीपासूनच आहे.

गैरसमज : लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करणे.

वस्तुस्थिती : ‘लिनक्स मिंट’ ही लिनक्सची एक आवृत्ती सुरू केली की खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वाय-फाय अशी ओळखीची मांडणी दिसते. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून नाव शोधायचे आणि ‘इन्स्टॉल’वर क्लिक करायचे, एवढेच. केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. तिथे शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिले गेले आणि मल्याळम भाषेची सोय केली गेली. नव्या सिस्टिमची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, पण त्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

गैरसमज : मराठी टायपिंगची पंचाईत होते.

वस्तुस्थिती : सेटिंग्जमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक पद्धतीने थेट युनिकोडमध्ये लिहिता येते. जोडाक्षरे, रफार, ऱ्या सगळे नीट उमटते. अडचण येते ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायलींची. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तिथे अगम्य चिन्हेच दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे कधी ना कधी भागच आहे.

गैरसमज : कोड सर्वांना खुला, म्हणजे चोरांनाही रान मोकळे.

वस्तुस्थिती : मार्च २०२४ ची घटना पाहा. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते डेबियन लिनक्सवर चाचण्या घेत होते. दूरच्या यंत्रात लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी माग काढला, तेव्हा ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. त्या व्यक्तीने दोनेक वर्षे प्रामाणिकपणे मदत करून प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. बहुतेक लोकांच्या संगणकांपर्यंत पोचण्याआधीच ती चोरवाट बंद झाली. खुलेपणाचा फायदा चोराने घेतला हे खरे. पण बाहेरच्या माणसाला मुळापर्यंत जाता आले तेही खुलेपणामुळेच. मात्र ‘लिनक्सला धोकाच नाही’ हा समजही तितकाच चुकीचा आहे. इथेही अपडेट वेळच्या वेळी घ्यावेच लागतात.

गैरसमज : विंडोजवरचे सगळे काही लिनक्सवर चालते.

वस्तुस्थिती : उत्साही समर्थकांचा हा दावा नव्या माणसाला हमखास तोंडघशी पाडतो. क्रोम, फायरफॉक्स, व्हीएलसी, झूम चालतात. लिबरऑफिसमध्ये वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतात, मात्र गुंतागुंतीच्या मांडणीत ओळी-तक्ते सरकू शकतात. फोटोशॉप, ऑटोकॅड, टॅली यांची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. ज्याचा धंदा यांवर चालतो त्याने विंडोज सोडण्याची घाई करू नये. प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचे टोकन चालते का, हेही आधीच तपासावे.

गैरसमज : लिनक्स पाहायचे तर विंडोज पुसावे लागते.

वस्तुस्थिती : ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा, ‘रूफस’ या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवा आणि संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता अख्खी सिस्टिम वापरून पाहता येते. हार्ड डिस्कला हात लागत नाही. ‘इन्स्टॉल’ करण्याआधी मात्र सगळ्या फायलींचा बॅकअप घ्या. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर काम सुखाने होते.

निर्णय ऐकीव गोष्टींवर सोडू नका. आठवडाभरात संगणकावर कोणकोणती कामे करता त्यांची यादी कागदावर लिहा आणि पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर एकेक करून पाहा. सगळी झाली तर नव्या संगणकाचे पैसे वाचले. एखादे महत्त्वाचे काम अडले तर विंडोजवर राहणेच शहाणपणाचे. पण चालता संगणक भंगारात देण्याआधी एवढे नक्की करा.