माळ्यावरचा हंडा

गेल्या वैशाखांत आम्ही मालवणाकडील एका आप्तांच्या घरीं गेलों होतों. चित्रीकरणासाठीं जुनीं भांडीं गोळा करणारे एक गृहस्थ त्याच दिवशीं तेथें आले व त्यांनीं माळ्यावरचा तांब्याचा हंडा मागितला. थोरल्या सूनबाईंनीं तो लगोलग चिंचेनें घासावयास घेतला, तोंच ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "वहिनी, कृपा करून घासूं नका! हा काळेपणा आणि हा पोचा, यांच्यासाठींच तर मी इथवर आलों." सूनबाई ओशाळल्या. मळकें भांडें परक्याच्या हातीं द्यावयाचें, म्हणजे घराची अब्रू ती काय राहिली?

सूनबाईंचा संकोच आम्हांस समजतो. परंतु त्या गृहस्थांचें म्हणणेंही खोटें नव्हतें. नवा हंडा बाजारांत केव्हांही मिळेल. पिढ्यान् पिढ्या चुलवणावर तापलेला हंडा मात्र कोणत्याही दुकानांत मिळावयाचा नाहीं. वापराच्या ज्या खुणांची आपणांस लाज वाटते, त्याच खुणांवर प्रेक्षकांचा विश्वास बसतो.

साध्या वस्तूकडून मोठें काम करून घेण्याची ही विद्या या किनाऱ्यास नवी नाहीं. जत्रेंत रात्रभर चालणारा दशावतार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या रंगभूमीवर एक लांकडी बाक, एवढेंच काय तें नेपथ्य. राजा बसला कीं तेंच सिंहासन होतें आणि शंकर बसले कीं तोच कैलास.

मराठी माणसाच्या हातून हिंदी चित्रपटसृष्टि जन्मास आली, तीही अशीच घरच्या साहित्यावर. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ चित्रित केली व ती दाखवून भांडवल मिळविलें. ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस झळकला. त्याच्या चित्रीकरणाच्या वेळीं सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून उन्हांत उभ्या राहत व नटांच्या तोंडावर प्रकाश परतवीत. सबंध मंडळीचा स्वयंपाकही त्याच करीत. अंथरुणावरची चादर असें मोठें काम करूं शकते, हें एका गृहिणीनें शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं दाखवून दिलें.

विलायतेंतही हाच प्रकार. 'डॉक्टर हू' या मालिकेंत १९६३ सालीं अवतरलेल्या डालेक नांवाच्या भयंकर यंत्रराक्षसाचा हात म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करण्याचा रबरी दट्ट्या होता! जिची आपण डवली करतों ती नारळाची करवंटीही मागें नाहीं. दोन करवंट्या एकमेकींवर आपटून घोड्याच्या टापांचा आवाज काढण्याची युक्ति नाटक, नभोवाणी व चित्रपट या तिन्ही क्षेत्रांत रूढ आहे. १९७५ च्या एका इंग्रजी विनोदी चित्रपटांत तर घोड्यांस पैसे नव्हते, म्हणून सरदार पायींच धांवतात आणि मागून सेवक करवंट्या वाजवितो!

आतां तर कॅमेरा आपल्या अंगणांत आला आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचें चित्रण सावंतवाडीजवळील आकेरी गांवांतल्या खऱ्या वाड्यांत झालें, आणि पुढें तो वाडा पाहावयास दुरून लोक येऊं लागले. असे वाडे आणि असे हंडे आपल्याकडे अजून आहेत. पण दरवर्षीं त्यांतले कांहीं मोडींत जातात, हें विसरतां येत नाहीं.

त्या घरींही हंडा विकण्याची भाषा चालली होती. थोरल्या काकूंनीं निकाल दिला, "अरे, मोडवाल्याला दिलास तर वितळेल. यांना दिलास तर परत येईल. पण देवघरांतली समई मागूं नका हो; ती खेळांत जायची नाहीं." हंडा गेला, आणि पंधरा दिवसांनीं परतही आला. पूर्वींचा पोचा जसाच्या तसा होता.

आमच्या वाचक-भगिनींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: वस्तु देतांना तिच्यावर घराचें नांव आहे ना तें पाहावें, तिचें छायाचित्र काढून ठेवावें आणि परत देण्याची तारीख लिहून घ्यावी. आणि घरांत कोणी वडीलधारें माणूस असेल तोंवर त्या वस्तूचें नांव, उपयोग आणि ती वापरणाऱ्या हातांची हकीकत एका वहींत उतरवून ठेवावी. हंडा माळ्यावर राहील. त्याची हकीकत मात्र माणसाबरोबर जाते.