आकडे ऐकणारं यंत्र

हेलिकॉप्टरच्या पंख्याचं पातं कधी जवळून पाहिलंय? ते सपाट नसतं. पुढची कड गोलसर, आणि मागे मागे निमुळतं होत गेलेलं. असा वळणदार आकार धातूत अचूक कापायचा तरी कसा?

१९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाच्या कारखानदारापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी गणिताने त्या वळणावरचे २०० बिंदू काढले. मग काय केलं माहितीये? धातू कापणाऱ्या मिलिंग मशीनपाशी तीन माणसं उभी केली. एकाने कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचे. दुसऱ्याने एक चाक फिरवायचं, कटर डावी-उजवीकडे. तिसऱ्याने दुसरं चाक, मागे-पुढे. असे बिंदूमागून बिंदू! तुम्हीही आलेख कागदावर हे करून बघा: एकाने आकडे सांगायचे, दुसऱ्याने टिंबं द्यायची. टिंबं जितकी जास्त, तितकं वळण सुबक.

पण माणसं थकतात, चुकीचं ऐकतात. म्हणून हे काम एमआयटी या संस्थेतल्या विद्युत अभियंत्यांकडे गेलं. त्यांनी आकडे भोकांच्या रूपात कागदी फितीवर उतरवले. काचेच्या शेकडो निर्वात नळ्यांच्या सर्किटने ती भोकं ओळखायची आणि त्यांचे विजेचे छोटे ठोके बनवायचे. एक ठोका म्हणजे फक्त ०.०००५ इंच सरकणं, मिलिमीटरचा साधारण ८०वा भाग! १९५२ साली हे यंत्र लोकांसमोर चाललं.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटते ती पुढची युक्ती. हुकूम दिला, पण कटर खरंच तिथे पोचला का, हे कळणार कसं? त्यासाठी होत्या तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्येच दाखवलं होतं. कटर मागे पडला की गुंडाळीतून विजेचा इशारा निघतो, ‘अजून थोडं!’ नेमक्या जागी पोचला, की इशारा शून्य. म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतःच मोजतं आणि लगेच सुधारतं.

आता अडचण उरली ती फितीची. इतके आकडे काढून काढून माणसं दमायची. तेव्हा एमआयटीतच डग्लस रॉस आणि मंडळींनी ‘एपीटी’ नावाची भाषा तयार केली. रेषा, वर्तुळ असे शब्द लिहायचे, बाकीचा हिशोब संगणकाचा.

आज भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं मशीन दिसलं, तर पडद्यावरच्या ओळी नीट वाचा. जी०१ म्हणजे सरळ कापत जा, जी०२ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळ. मग जी०३ म्हणजे काय असेल, सांगा बरं?